शंकरप्पांनी धरून ठेवलेली फुलं

सोलापूर
१७ जानेवारी २०२५

माउली,

वकिलांच्या कागदांबद्दल हे पत्र नाही. कागद पोचले, वाचले, कपाटात ठेवले. त्यांच्यावर नंतर लिहीन. फोनच करणार होते, पण वर्षभरात आपलं फोनवर तिसऱ्या वाक्याला बिनसायला लागलंय, म्हणून मेलवर हे पत्र. नवरा म्हणून वाचू नकोस. आपल्या सॉफ्टवेअरमधला कुलपांचा भाग ज्याने लिहिला तो माणूस म्हणून वाच.

कारखान्यात शंकरप्पांना परवा अर्धांगाचा झटका आला. जेवणाचा डबा उघडत होते, खुर्चीतच कलंडले. गड्ड्याच्या जत्रेमुळे निम्मे रस्ते बंद, तरी गुरुशांत शेठनी स्वतः गाडी हाकत दवाखान्यात नेलं. जिवाचा धोका टळलाय. उजवा हात-पाय गेलाय आणि वाचा गेलीय. आपण दोघं कॉलेजातून निघून चादरींच्या नक्षीचं हे सॉफ्टवेअर लिहायला बसलो, तेव्हा चादरीतला उभा धागा कुठला आणि आडवा कुठला हेही ज्यांनी हाताला धरून शिकवलं, त्यांना आज 'पाणी' म्हणता येत नाही.

आता कामाचं. ते पडले तेव्हा त्यांच्या मशीनवर डाळिंबाच्या फुलांची चादर उघडी होती. अजून उघडीच आहे. कितीतरी दिवस त्यांनी ती सेव्ह केलेली नाही. तुला त्यांचा हट्ट माहीत आहे, "अर्धं काम मागाला दाखवायचं न्हाई." म्हणजे सर्व्हरवर जुनी चादर, आणि नवी फक्त त्यांच्या मशीनच्या मेमरीत. ज्या ज्या फुलाला त्यांनी हात लावला त्याचं पान सर्व्हरने त्यांच्या नावावर केलंय. दुसऱ्या कुणी ते पान उघडलं की तू लिहिलेली पाटी येते: 'थांबा. शंकरप्पा काम करत आहेत.' तू बंगळूरला गेल्यावर संस्कृती नावाची नवी डिझायनर आलीय, करमाळ्याची. तिची किनार त्याच पानांवर बसते. तिला फुलाशी काही करायचं नाही, फक्त किनार बदलायचीय. तरी थांबा. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे आणि ती रिकामी बसून आहे.

शेठ म्हणाले, "फुलाचं कुलूप किनारीला कसं काय लागतंय?"

मी सांगितलं, "सर्व्हर फुलं एकेकटी ठेवत नाही. बरीचशी एका पानावर बसवतो. एक मागितलं की अख्खं पान पाठवतो, आणि कुलूपही अख्ख्या पानाला लागतं."

"मग तोडा की. तुमीच लावलंय न्हवं?"

तोडता येतं. एक आज्ञा दिली की झालं. पण तोडलं की सर्व्हर शंकरप्पांच्या मशीनला कळवणार, तुझ्याकडचं आता ग्राह्य नाही, टाकून दे. आणि मशीन टाकून देणार. म्हणून मग शेठ म्हणाले की त्यांच्याच मशीनवरून सेव्ह करा. तेही होत नाही. सेव्ह म्हटलं की सगळंच जातं. मधली जुनी फुलं त्यांनी काढून टाकलीत आणि काही ठिकाणी नवी अजून अर्धीच आहेत. उशीच्या अभ्र्यांमध्येही हीच फुलं आहेत, त्यांची प्रत नव्हे, हीच. अभ्रे आत्ता मागावर चालू आहेत. अर्धवट फूल सेव्ह झालं की दुसऱ्या मिनिटाला ते अभ्र्यात विणलं जाईल.

तू इथे होतास तेव्हा मी म्हणत होते की प्रत्येक फुलाला वेगळं कुलूप ठेवू. तू म्हणालास, हजारो फुलं आणि हजारो कुलपं, सर्व्हर दिवसभर कुलपंच सांभाळत बसेल. त्यावर आपण आठवडाभर बोललो नव्हतो. तेव्हाचं कोण बरोबर ते राहू दे. मला एवढंच सांग: पानाचं कुलूप चालू असताना, काहीही बंद न करता, त्याचं फुलाफुलाचं करता येईल का?

येत्या गुरुवारी एमआयडीसीत दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार आहे. शंकरप्पांच्या मशीनच्या यूपीएसची बॅटरी जुनी आहे, आणि ती बदलायची तर मशीनच बंद करावं लागेल. त्याच्या आत काय ते व्हायला हवं.

आत्या बऱ्या आहेत. तुझी आई असून तुझ्याबद्दल अजिबात विचारत नाहीत, आणि हे मला रोज ऐकवतात.

दिपाली

•

१९ जानेवारी

माउली,

उत्तर आलं. वर 'दिपाली', खाली 'माउली', मध्ये सगळं कामाचं. पण त्याच रात्री लिहिलंस.

तू म्हणतोस ते समजलं. आधी पानच धरायचं. त्याच पानावर दुसरं कुणी आलं, तर सर्व्हरने पहिल्याच्या मशीनला विचारायचं, यातल्या कुठल्या फुलांना तू खरंच हात लावलायस? तेवढीच त्याच्या नावावर ठेवायची, बाकीचं पान सोडायचं. विचारणा मशीनला, माणसाला नाही. म्हणजे माणूस दवाखान्यात असला तरी मशीन उत्तर देईल. हे तुला बंगळूरला गेल्यावर सुचलं का? मला तेव्हा सुचलं नव्हतं, तुलाही नव्हतं, आणि आपण पान की फूल एवढ्यावरच भांडत राहिलो.

चालू मशीनला बाहेरून आज्ञा देण्यासाठी तू चाचणीच्या वेळी ठेवलेली वाट अजून उघडी आहे. बघितली. तिथून संस्कृतीची किनार सुटेल, आणि पूर्ण झालेलं एकेक फूल वेगळं सेव्हही करता येईल. प्रश्न एवढाच की पूर्ण झालेली कुठली? ते फक्त एका माणसाला माहीत.

म्हणून काल संस्कृतीला घेऊन दवाखान्यात गेले. पडद्यावरची चादर मोठ्या कागदावर छापून नेली होती. शंकरप्पांना उशांना टेकवून बसवलं होतं. मला पाहून त्यांनी डावा हात उचलला. मी म्हटलं, "अप्पा, यातली पुरी झालेली फुलं कुठली? नुसतं बोट ठेवा."

ते कागदाकडे बघत राहिले. मग तोंड उघडलं आणि म्हणाले, "ब्याड."

कन्नडमधलं 'नको'. पाणी दिलं तरी ब्याड, उशी सरकवली तरी ब्याड. बोट कागदावर ठेवायला जायचे आणि हात भलतीकडेच पडायचा. त्यांनी संस्कृतीकडे बघितलं आणि पुन्हा तेच म्हणाले. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असा एकच शब्द जिभेवर राहतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. पण संस्कृतीला लागलं. ती नवी किनार दाखवायला गेली की अप्पा वर न बघता "पुडं बगू" म्हणायचे. दोन महिने त्या मुलीने हेच ऐकलंय. बाहेर येऊन मला म्हणाली, "मॅडम, त्यांना मी तिथं नको आहे."

मी तिला चहा पाजला आणि पुन्हा आत नेलं. या वेळी मी काही विचारलं नाही. ती पलंगाच्या कडेला बसली, कागद मांडीवर घेतला आणि एका फुलावर बोट ठेवलं. "अप्पा, हे?"

"ब्याड."

"हे?"

"ब्याड."

असं चाललं. मी खिडकीतून बाहेर बघत होते. आणि एका फुलाला, माउली, तोच शब्द वेगळा आला. खाली उतरलेला, मऊ. काम झाल्यावर हात पुसताना माणूस बोलतो तसा. संस्कृतीने चमकून माझ्याकडे बघितलं. तिने आधीच्या फुलावर बोट नेलं, तर आवाज पुन्हा कडक. पुढच्यावर नेलं, मऊ. तिने पेन्सिलने त्यावर टिंब केलं. मग त्यांना कळलं की हिला कळलंय. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ते थांबेनात. एकेका फुलाला 'ब्याड' म्हणत राहिले, दमून डोळे मिटेपर्यंत.

उरलेली उद्या. ती एकटीच जाईन म्हणते.

दिपाली

•

२१ जानेवारी

माउली,

तू पाठवलेला भाग आज घरी करून बघितला. एक लॅपटॉप शंकरप्पांचा, एक संस्कृतीचा, सर्व्हर माझ्या जुन्या संगणकावर. शंकरप्पांच्या जागी कुणीतरी बसायला हवं होतं. तुझ्या आईला बसवलं.

"आत्या, हे फूल दिसतंय? ते धरून बसायचं. मी काहीही केलं तरी सोडायचं नाही."

"म्या कशाला सोडती?" म्हणाल्या, आणि माऊस दोन्ही हातांनी धरला.

मी दुसरीकडून किनार मागितली. जरा वेळ काहीच नाही. मग किनार उघडली. मी ओरडलेच.

"गावली?"

"गावली!"

"आन् माजं फूल?"

"ते तुमच्याकडेच आहे."

"मग ठीक हाय."

मी त्या आनंदात उठून चहा टाकला, कपडे आत घेतले, शेजारी जाऊन आले. येऊन बघते तर आत्या तशाच बसलेल्या. "सोडा आता," म्हटलं. "सोडू नको म्हनालीस की," म्हणाल्या. बोटं आखडली होती. तेल लावून चोळून दिली.

उद्या दुपारी जेवणाच्या सुटीनंतर खरं काम. तू अर्ध्या दिवसाची रजा काढून फोनवर राहणार म्हणालास, ते बरं झालं. मी एकटीनेही केलं असतं, पण बरं झालं.

आत्या शेजारी येऊन बसल्यात. म्या सांगती त्ये लिव, जसंच्या तसं, म्हणतायत. लिहिते:

"माउली, म्या बरी हाय. गुडगा दुकतोय पर त्ये चालायचंच. तुज्या मामाची मेंढरं औंदा सांगोल्याकडंच हायती. तू दिपालीसंग कामाचं बोलाय लागलास म्हनं, बोलत जा. दिवाळीला ती तुज्याकडं बंगळूरला आलती, तवा तू तिच्यासंग नीट बोलला न्हाईस व्हय? परत आली ती चार दिस गप गप हुती. लई वंगाळ वाटलं मला."

हे मी लिहायला नको होतं. पण जसंच्या तसं लिहिते म्हणाले होते, आणि मी बोट कुठे थांबवते ते त्या बघत होत्या. यावर आत्ता काही विचारू नकोस. उद्याचं होऊ दे.

दिपाली

•

२३ जानेवारी

माउली,

कालचं निम्मं तू फोनवर ऐकलंस. जे ऐकू आलं नाही ते लिहिते.

सुरुवात किती सुरळीत झाली होती. संस्कृती कागदावरचं टिंब बघून फूल सांगत होती, मी आज्ञा देत होते, तू तिकडून सर्व्हर बघून "बसलं" म्हणत होतास. किनार तर पहिल्या फटक्यात सुटली. शेठ मागे उभे राहून दर वेळी "बसलं का?" विचारत होते. मला एकदा वाटलं की आपण पुन्हा त्या जुन्या खोलीत आहोत, एकच टेबल, पंखा नाही, आणि कुणालाच घरी जायची घाई नाही.

मग वीज गेली. गुरुवार नव्हता, बुधवारच होता. सगळे माग एकदम थांबले. तू कारखान्यात इतका वावरलास, पण दिवसाढवळ्या ती शांतता कधी ऐकली नसशील. तुझ्या खुर्चीची करकर फोनमधून ऐकू आली. सर्व्हरला मोठी बॅटरी आहे, त्याची काळजी नव्हती. शंकरप्पांच्या मशीनखालचा यूपीएस मात्र वाजायला लागला. शेठ जनरेटरकडे पळाले. जनरेटर घेईना.

मी घाईघाईने आज्ञा द्यायला लागले. चुकीचं फूल टाइप केलं. तेव्हा तू म्हणालास, "दिपे, घाई करू नको. गेलेलं गेलं. पुढचं फूल सांग." तुला आठवतंय का तू 'दिपे' म्हणालास ते? मला त्या यूपीएसच्या आवाजातही तेवढंच ऐकू आलं. त्यानंतर एकही फूल चुकलं नाही.

शेवटचं टिंब असलेलं फूल बसलं. तू "बसलं" म्हणालास, आणि संस्कृती म्हणाली, "आता अर्धी राहिलेली तशीच धरून ठेवता येतील ना? अप्पा येईपर्यंत?" मी हो म्हणाले. म्हणता म्हणता पडदा काळा झाला.

जनरेटर त्यानंतर सुरू झाला. दहा वेळा मशीन पुन्हा चालू केलं तरी मेमरीतलं कुठून येणार? सर्व्हरला कळलं की त्या बाजूला आता कुणी नाही. नियमाप्रमाणे त्याने उरलेल्या फुलांवरचं नाव काढून टाकलं. संस्कृतीने ते पान उघडलं, तर सरळ उघडलं. 'शंकरप्पा काम करत आहेत' ही पाटी नाही. अप्पांनी काढून टाकलेली जुनी फुलं मधोमध पुन्हा जागच्या जागी. ती पाटी नको म्हणून ही मुलगी आठवडाभर वैतागली होती, आणि ती गेली म्हणून रडायला लागली.

तू फोनवर बसलेली फुलं पुन्हा मोजलीस. मग म्हणालास, "बरीच वाचली, दिपे." वाचली. पण सगळी नाही वाचली.

आज सकाळी दवाखान्यात जाऊन अप्पांना सांगितलं. मला वाटलं, लपवावं. पण कामाच्या बाबतीत त्यांना कुणी कधी खोटं सांगितलेलं नाही. "अप्पा, टिंबाची सगळी आली. अर्धी होती ती गेली. वीज गेली." त्यांनी ऐकलं. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवायला उचलला, तो खांद्यावर पडला. म्हणाले, "ब्याड." तो मऊ होता, माउली. मी नीट ऐकला.

शेठ संस्कृतीला म्हणाले, "भरून टाक की मदली फुलं, कुलूप तर न्हाई आता." तिने सांगितलं, अप्पा सांगेपर्यंत हात लावणार नाही. शेवटी शेठच म्हणाले, प्रदर्शनाला नव्या किनारीचे अभ्रे नेऊ, चादर मागनं.

दिपाली

•

१२ फेब्रुवारी

माउली,

कागदांबद्दल आज लिहिते.

आधी दिवाळीचं. तू गेल्या पंधरवड्यात दोनदा विचारलंस आणि मी दोनदा सर्व्हरचं काहीतरी सांगत बसले. आले होते. आत्यांना सांगून निघाले होते की तुझ्याकडे जातेय, तुला मात्र कळवलं नव्हतं. सकाळी उतरले, रिक्षाने तुझ्या ऑफिसपाशी आले. फाटकासमोर चहाच्या टपरीवर तू उभा होतास. सोबत ऑफिसातली तीन-चार मंडळी. शंकरप्पांकडून शिकलेली ती कन्नड तू बोलत होतास, अक्कलकोटच्या वळणाची, आणि ते तुला चिडवत असावेत, कारण तू मान मागे टाकून हसत होतास. तसं हसताना तुला मी फार दिवसांत बघितलं नव्हतं. इथे शेवटी शेवटी तू हसायचाच नाहीस. मी रस्त्याच्या पलीकडे होते. वाटलं, मी पुढे झाले की हे हसू जाईल. रिक्षा सोडलीही नव्हती, तीच परत स्टेशनला वळवली.

आत्यांना सांगितलं, भेटलो, बरा आहे. निम्मं खरं होतं.

तू आधी 'सहा महिन्यांत ये' म्हणालास. मी म्हणाले, कारखाना अर्ध्यात सोडून कशी येऊ. तुझी बाजू खरी होती, इथे राहून तुझं मन मरत चाललं होतं. माझीही खरी होती. पण 'तू इकडे ये' आणि 'तू तिकडे चल' याच्या पलीकडे आपण एकदाही बोललो नाही. जो हलेल तो हरला, असं होऊन बसलं. आणि मग तू हलायचं सोडून वकिलाकडे गेलास आणि मी कपाट बंद केलं.

मला सही करायची नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आत्यांनाही नाही. मला तू हवा आहेस. सोलापुरातच हवास असं नाही. मी बंगळूरची होईन असंही नाही, उगाच वचन देत नाही. कसं करायचं ते मला ठाऊक नाही. पण त्या बुधवारी पडदा काळा होत होता, तेव्हा इथे शेठ होते, संस्कृती होती, आणि तू सहाशे किलोमीटरवर होतास. तरी मला जवळचं माणूस तूच वाटलास.

तुला सही हवीच असेल तर एका ओळीत लिही. मी करीन आणि भांडणार नाही. फक्त फोन करू नकोस, लिही.

दिपाली

•

३ मार्च

माउली,

पत्र वाचलं. वकिलांचाही फोन येऊन गेला, साहेबांनी थांबवायला सांगितलंय म्हणाले. जरा हिरमुसलेले वाटले.

टपरीवरचा तो दिवस तुला आठवतच नाही, असं लिहिलंयस. माझ्या मनात तो केवढा होऊन बसला होता, आणि तुझ्यासाठी तो एक साधा चहा. याचं मला वाईट वाटायला हवं होतं. बरंच वाटलं.

आज काम काही झालं नाही. आत्यांनी विचारलं, डोळे का लाल? म्हटलं, काहीतरी गेलं.

"दोनी डोळ्यांत?" म्हणाल्या, आणि आत गेल्या.

दिपी

•

२८ मार्च

माउली,

आज शंकरप्पा कारखान्यात आले. तू असायला हवा होतास, रजा मिळाली नाही ते कळलं, म्हणून सगळं सांगते.

चाकाच्या खुर्चीतून आले. दाराशी सगळे जमले, मागवाले माग थांबवून आले. अप्पांना आता थोडे शब्द आलेत, सगळे कन्नड. मराठी अजून आलेली नाही. डॉक्टर म्हणतात, आईची भाषा आधी येते. खुर्ची त्यांच्या मशीनपुढे लावली. संस्कृतीने चादर उघडली. त्यांची नवी फुलं, तिची नवी किनार, आणि मधोमध ती जुनी फुलं तशीच. त्यांनी खूप वेळ बघितलं. मग त्या जुन्या फुलांकडे डावा हात दाखवून संस्कृतीकडे बघितलं. का नाही भरलीस, असं.

ती म्हणाली, "तुमची आहेत ती."

त्यांनी डाव्या हाताने माऊस धरला. एक जुनं फूल उचललं, ते भलतीकडेच जाऊन पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो. संस्कृती तेवढी बघत राहिली. मग अप्पांनी माऊस सोडला, तिचं मनगट धरलं आणि शेजारच्या तिच्या मशीनकडे ढकललं.

"नी माड."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला कन्नड येत नाही. "तू कर म्हणतायत," मी सांगितलं.

ती बसली. पहिलं नवं फूल काढताना तिचा हात अडखळत होता. चुकलं की कडक 'ब्याड', जमलं की अप्पा गप्प. दुपार तशीच गेली. तिने निम्मी फुलं काढल्यावर बघते तर अप्पांनी त्यांच्या मशीनवर पुन्हा माऊस हातात घेतलेला. फूल नाही, एक कळी. डाव्या हाताने ती इवलीशी हलवत होते, देठाच्या थोडी वर. त्याच पानावर, त्याच वेळी, संस्कृती पाकळी भरत होती. मी मागे उभी राहून बघत होते. दोघांनाही कुणी 'थांबा' म्हटलं नाही. अप्पांची कळी बसली. त्यांनी ती स्वतः सेव्ह केली, एकटीच, अर्ध्या चादरीत. मी त्यांना उभ्या आयुष्यात अर्धं काम सेव्ह करताना पाहिलं नव्हतं.

शेठना मी तिथेच सांगितलं, महिनाभर बंगळूरहून काम बघते. "बगा की," म्हणाले. "हितनं काय न् तितनं काय. फकस्त फोन उचला." तर पुढच्या महिन्यात येतेय. या वेळी कळवून. महिन्यानंतर काय ते तिथे बोलू, समोरासमोर, आणि तिसऱ्या वाक्याला बिनसलं तर चौथं बोलू.

आत्यांना म्हटलं, केमहून माझी आई येऊन राहील तुमच्या सोबतीला. त्या काही बोलल्या नाहीत. दिवसभर नाही. मला वाटलं दुखावल्या. आत्ता हे लिहायला बसले तर चष्मा लावून शेजारी येऊन बसल्यात.

"लिव त्येला."

"काय लिहू?"

"तितं जवारी गावती का इचार. न्हाईतर पायलीभर दळून संगं घिती."

तेवढं लवकर कळव. दोघींची तिकिटं काढायचीत.

तुझी,
दिपी